‘ओला’च्या पुढचं

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करते. आमच्या टीममध्ये एक सहकारी मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराचा, एक बोगोटाची आणि एक ब्युनोस आयर्सचा आहे. क्लास लावून मी स्पॅनिश शिकले. ‘ओला, कोमो एस्तास?’ म्हणजे ‘कशी आहेस?’ एवढं अगदी पक्कं. पण मीटिंग सुरू होताना एक म्हणतो ‘के ओंदा’, दुसरी म्हणते ‘के मास’ आणि तिसरा ‘के आसेस’. तिसऱ्याला मी एकदा खरंच काय करतेय ते सांगत बसले, तर सगळे हसायला लागले. हे तिघं एकच भाषा बोलतात ना? मग मी नेमकं काय शिकायचं?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : भाषा एकच आहे आणि तिघं विचारतात तेही एकच. ‘के आसेस’चा शब्दशः अर्थ तुम्ही लावलात तोच, ‘काय करतेस?’ फक्त ब्युनोस आयर्समध्ये कुणाला त्याचं उत्तर नको असतं. आपल्याकडे जिन्यात शेजारी भेटले की ‘काय, झालं का जेवण?’ असं विचारतात. ‘झालं’ किंवा ‘व्हायचंय’ म्हणून पायऱ्या उतरायच्या असतात. कुणी थांबून ‘आज वांगं केलं होतं, मीठ जरा कमी पडलं’ असं सांगू लागलं, तर विचारणारा घड्याळाकडे बघणारच. ‘के आसेस’ला उलट ‘के आसेस’ म्हटलं तरी भागतं. फार तर ‘तोदो ब्येन’, सगळं ठीक.

क्लासमध्ये हे का शिकवत नाहीत, असं तुमच्या मनात आलं असेल. स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा, शिवाय अमेरिकेच्या ताब्यातलं पोर्तो रिको. एवढ्या सगळ्यांना चालेल असंच पुस्तकात घ्यावं लागतं. ‘ब्वेनोस दियास’ हे सकाळचं अभिवादन माद्रिदपासून चिलीच्या टोकापर्यंत चालतं, म्हणून ते पहिल्या धड्यात येतं. स्पॅनिश भाषेची राजअकादमी माद्रिदमध्ये १७१३ पासून शब्दांवर नजर ठेवून आहे खरी, पण दोस्ताला हाक मारताना अकादमीला विचारतो कोण?

आता सहकाऱ्यांकडे एकेक करून बघू. ‘के ओंदा’तला ‘ओंदा’ म्हणजे लाट. १९६०च्या दशकात मेक्सिकोतल्या तरुणांचं रॉक संगीत, त्यांचे वाढवलेले केस, त्यांची शहरी बोली या सगळ्याला मिळून ‘ला ओंदा’ म्हणत. त्या पिढीच्या कथा-कादंबऱ्यांनाही पुढे समीक्षकांनी तेच नाव दिलं. ते तरुण आज आजोबा झालेत आणि ‘के ओंदा’ नातवंडांच्याही तोंडी आहे. ग्वाटेमालापासून चिलीपर्यंत ते कमी-अधिक ऐकू येतं. मेक्सिकोत याच्या जोडीला जुनं ‘क्युबोले’ आहे. ‘के उबो’, म्हणजे ‘काय झालं?’, घाईघाईने म्हणून झिजलं आणि त्याला शेपटीला ‘ले’ चिकटलं. कुणी ‘के ओंगो’ म्हटलं तर गोंधळू नका. ‘ओंगो’ म्हणजे अळंबी. ‘ओंदा’शी जुळतं म्हणून केलेली ती कोटी आहे. ‘के पेदो’ हे मात्र नुसतं ऐकून सोडून द्या. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा मूळ अर्थ पोटातून सुटणारा वायू असा आहे. मित्रांच्या टोळक्यात चालतं, क्लायंटसमोर नाही.

बोगोटाच्या सहकारिणीचं ‘के मास’ मराठी कानाला मजेशीर वाटेल, कारण त्याचा सरळ अर्थ ‘आणखी काय?’ आपल्याकडे फोनवरचं बोलणं आटलं की ‘बाकी काय, आणखी काय विशेष?’ येतं आणि पाच मिनिटांत फोन ठेवला जातो. कोलंबियात बोलणं त्यानेच सुरू होतं. त्याच्या आगेमागे ‘क्युबो’ असतं, म्हणजे ‘क्युबोले’चंच भावंड. दोन्ही जोडून ‘क्युबो, के मास?’ असंही म्हणतात.

पण कोलंबियातली खरी गंमत सर्वनामात आहे. तुम्हाला क्लासमध्ये ‘तू’ म्हणजे अरे-तुरे आणि ‘उस्तेद’ म्हणजे अहो-जाहो असं शिकवलं असणार. बोगोटात जिवलग मित्र, भाऊ-भाऊ, कधी नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात आणि त्यात दुराव्याचा मागमूस नसतो. ‘उस्तेद’ मुळात ‘व्वेस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या दरबारी संबोधनातून आला. त्याचंच दुसरं रूप, ‘सुमेर्से’, बोगोटाच्या आसपासच्या डोंगराळ भागात भाजीवालीपासून आजीपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे, आणि तिथे ते मायेचं आहे. मेदेयिन आणि काली या शहरांत हेच लोक ‘व्होस’ या तिसऱ्याच सर्वनामावर येतात. कार्ताहेनाच्या किनाऱ्यावर उतरलात तर ‘तू’. म्हणजे एकाच देशात तीन रिवाज. म्हणून तुमची सहकारी एखाद दिवशी तुम्हाला ‘उस्तेद’ म्हणाली, तर रागावली असेल असं धरून चालू नका.

अर्जेंटिनाच्या सहकाऱ्याकडे ‘व्होस’चाच कारभार आहे. जुन्या काळी स्पेनमध्ये ‘व्होस’ हे आदराचं संबोधन होतं. वापरून वापरून त्याचा मान उतरला, वर ‘उस्तेद’ येऊन बसला, आणि स्पेनमधून ‘व्होस’ नाहीसाच झाला. मेक्सिको आणि लिमा या व्हाइसरॉयच्या राजधान्यांचं माद्रिदशी जाणं-येणं असल्यामुळे तिथल्या लोकांनी नवी टूम उचलली. ब्युनोस आयर्स आणि मध्य अमेरिका त्या वाटेपासून दूर पडले. तिथे ‘व्होस’ टिकला, पण खाली घसरून ‘तू’च्या जागी आला. आपल्या ‘आपण’ची घसरण होत होत कट्ट्यावर दोस्ताला ‘काय रे आपण’ म्हणायची वेळ यावी, तसा प्रकार. सर्वनामाबरोबर क्रियापदाचं रूपही बदलतं, म्हणून तुमच्या पुस्तकात ‘आसेस’चा आघात पहिल्या अक्षरावर आहे आणि तुमचा सहकारी तो शेवटच्या अक्षरावर देतो.

त्याच्या तोंडून ‘चे’ही येत असेल. आपल्या ‘अरे’-‘अगं’ची जागा तिथे हा एकटा शब्द भरून काढतो, बाई-पुरुष भेद न करता. एर्नेस्तो गेव्हारा बोलताना सारखा ‘चे’ म्हणायचा, म्हणून क्युबन मित्रांनी त्याचं नावच ‘चे’ ठेवलं. पुढे तो क्युबाच्या राष्ट्रीय बँकेचा प्रमुख झाला तेव्हा १९६० मध्ये नोटांवर त्याने सही केली तीही नुसती ‘चे’. एका देशाच्या चलनावर ‘अरे’ छापून यावं, हे जगात दुसरीकडे कुठे घडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तुमचा मूळ प्रश्न, शिकायचं काय? या सगळ्या अभिवादनांचे दोन भाग पडतात. पुढचा भाग प्रश्नाचा, मागचा हाकेचा. पुढचा जवळजवळ पोकळ असतो. आपल्या ‘काय’सारखाच. ‘काय रे’, ‘काय गं’, ‘काय हो’, ‘काय लेका’ यांत ‘काय’ला काही अर्थ नाही, नातं सगळं मागच्या तुकड्यात आहे. स्पॅनिशमध्येही तेच. ‘के ओंदा’ म्हणायला तुम्हाला कुणाची परवानगी नको. ‘के ओंदा, वेय’ म्हणायला हवी. हा ‘वेय’ म्हणजे मुळात बैल. आधी शिवी, मग ‘लेका’, आणि आता मेक्सिकन तरुण-तरुणींच्या दर दुसऱ्या वाक्यातला भरतीचा शब्द. कोलंबियाचा ‘पार्से’, व्हेनेझुएलाचा ‘चामो’, कोस्टा रिकाचा ‘माए’, उरुग्वेचा ‘बो’, अर्जेंटिनाचा ‘बोलुदो’ हे सगळे त्याच जातीचे. माणूस कुठला ते त्यांवरून ओळखा. पण समोरच्याने तुम्हाला एकदा तसं म्हटल्याशिवाय आपण होऊन वापरू नका. परदेशी माणसाच्या तोंडी पहिल्याच दिवशी ‘वेय’ आला की तो वेब सिरीज पाहून आलाय हे लगेच कळतं.

आणि कुठे काय चालेल हे सुचलंच नाही तर ‘ब्वेनास’ म्हणा. ‘ब्वेनास तार्देस’, ‘ब्वेनास नोचेस’ यांचं हे तोडलेलं रूप. दिवसाची वेळ कोणती हा वादच उरत नाही. तो वाद स्पेनमध्ये खरोखर आहे. दुपारचं जेवण तिथे दोन-तीनला होतं, आणि ते झालेलं नसलं तर दीड वाजताही लोक बिनदिक्कत ‘ब्वेनोस दियास’ म्हणतात.

प्रश्न : ‘ला कासा दे पापेल’ बघताना लक्षात आलं की त्यातली माणसं एकमेकांना सारखी ‘तिओ’ म्हणतात. शब्दकोशात ‘तिओ’ म्हणजे काका. बँक लुटताना काका कशाला?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : स्पेनमध्ये मित्र म्हणजे ‘तिओ’ आणि मैत्रीण ‘तिआ’. ‘के पासा, तिओ?’ म्हणजे ‘काय रे, काय चाललंय?’ नात्यातल्या काकाशी आता त्याचा एवढाच संबंध उरलाय की घरी खरा काका आला की त्यालाही तेच म्हणतात. अटलांटिकपलीकडे मात्र ही सवय नाही. मेक्सिकोत कुणाला ‘तिओ’ म्हणून हाक मारलीत तर तो आजूबाजूला पुतण्या शोधेल. चिलीत आणखी तिसरा प्रकार. तिथली मुलं मित्राच्या आई-वडिलांना ‘तिआ’ आणि ‘तिओ’ म्हणतात, बालवाडीतल्या बाईंनाही ‘तिआ’. आपल्या काका-मावशीचा हाच हिशोब, त्यामुळे तुम्हाला चिलीत सर्वांत घरच्यासारखं वाटेल. बोली मात्र कठीण. ‘एस्तास’चं तिथे ‘एस्ताय’ होतं आणि अक्षरं निम्मी गिळली जातात.

स्पेनच्या आतही हाका बदलत जातात. सेव्हियाच्या बाजूला ‘इयो’ ऐकू येतं. ते ‘चिकियो’चं, म्हणजे ‘पोरा’चं, शेपूट. मुर्सियात ‘आचो’ आणि कॅनरी बेटांवर ‘चाचो’. हे दोन्ही ‘मुचाचो’चेच तुकडे, दोन्हींत शेवटचाच भाग उरलाय, एकात जरा कमी, दुसऱ्यात जरा जास्त. बास्क प्रदेशात ‘आउपा’ म्हणून हात वर करतात. बार्सिलोनात स्पॅनिश बोलणाराही दुकानात शिरताना कातालान ‘बोन दिया’ म्हणून मोकळा होतो.

एक गोष्ट मालिकेत सहसा दिसत नाही म्हणून सांगतो. माद्रिदमध्ये लिफ्टमध्ये कुणी अनोळखी माणूस शिरला की ‘ब्वेनास’ म्हणतो आणि उतरताना ‘आस्ता ल्वेगो’, म्हणजे ‘भेटू नंतर’. पुन्हा भेटण्याचा कुणाचाच इरादा नसतो. खेड्यात तर रस्त्यात समोरून येणाऱ्याला न थांबता नुसतं ‘आदियोस’ म्हणतात. पुस्तकात तो निरोपाचा शब्द आहे, इथे तो ‘रामराम’ आहे. थांबणार नाही, पण पाहिलं बरं का, एवढाच मतलब.

प्रश्न : माझा मुलगा मालवाहू जहाजावर आहे. त्याचे बरेच सहकारी फिलिपिनो. ते रोज सकाळी ‘कुमुस्ता’ म्हणतात आणि हे स्पॅनिश आहे असं सांगतात. खरं आहे का?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : खरं आहे. ‘कोमो एस्ता?’ म्हणजे ‘कसे आहात?’, त्याचंच ‘कुमुस्ता’ झालं. फिलिपिन्सवर स्पेनचा अंमल १५६५ पासून १८९८ पर्यंत होता, पण राज्यकारभार बराच काळ मेक्सिकोतून चाले. मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये १८१५ पर्यंत जहाजांच्या फेऱ्या होत. रेशीम आणि मसाले तिकडे, चांदी इकडे, आणि चांदीबरोबर शब्द. तुमच्या चिरंजिवांना तो शब्द जहाजावरच भेटला हे योग्यच झालं. ‘एस्ता’ हे मूळचं अहो-जाहोचं रूप, फिलिपिनो भाषेत शिरताना तो मान गळून पडला. म्हणून मित्राला ‘कुमुस्ता का’, आणि कॅप्टनला ‘कुमुस्ता पो कायो’. ‘पो’ हा त्यांचा स्वतःचा आदराचा शब्द, आपल्या ‘जी’सारखा मध्ये घालायचा.

उलट दिशेनेही झालंय, स्पॅनिशमध्येच दुसऱ्यांची अभिवादनं शिरली. पराग्वेत ग्वारानी भाषा स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा आहे आणि दोस्त भेटला की स्पॅनिश बोलणारासुद्धा ‘म्बाएइचापा’ म्हणतो, म्हणजे ‘कसा आहेस’. ब्युनोस आयर्समध्ये निघताना जे ‘चाउ’ म्हणतात ते इटालियन स्थलांतरितांनी आणलं. इटालियन लोक भेटतानाही तेच म्हणतात, अर्जेंटिनात फक्त निघताना.

यातली सर्वांत लांबून आलेली गोष्ट क्युबाची. तिथे दोस्ताला ‘के बोला, आसेरे?’ म्हणतात. मराठी माणसाला वाटतं, आपल्याला बोलायला सांगतायत. ‘बोला’चा इथे तसा काही संबंध नाही, अर्थ ‘काय चाललंय’ एवढाच. ‘आसेरे’ मात्र आफ्रिकेतून आलेला. आजच्या नायजेरियाच्या आग्नेय टोकाला कालाबार भागातून गुलाम म्हणून पकडून आणलेल्या लोकांनी १८३६ मध्ये हवानाच्या बंदरापलीकडे रेग्ला इथे ‘आबाक्वा’ नावाचा बंधुमंडळासारखा गुप्त संघ उभारला. त्यांच्या विधींच्या भाषेत ‘आसेरे’ हे अभिवादन होतं. तिथून ते गोदी कामगारांत आणि गल्लीत पसरलं. कैक वर्षं सभ्य घरात ते उच्चारलं तर आई डोळे वटारायची. मार्च २०१६ मध्ये बराक ओबामा हवानात उतरले. १९२८ मधल्या कॅल्व्हिन कूलिज यांच्यानंतर पदावर असताना क्युबात आलेले ते पहिलेच अमेरिकी अध्यक्ष. उतरल्यावर त्यांनी समाजमाध्यमावर क्युबाला ‘के बोला’ केलं. ‘आसेरे’ तेवढं लावलं नाही. वर पुण्याच्या वाचकांना सांगितलेला नियम व्हाइट हाउसमध्ये कुणाला तरी ठाऊक असावा.

‘बोला’ खरोखर ऐकायचं असेल तर पेरूत जावं. लिमातली पोरं ‘आब्ला, काउसा’ म्हणतात. ‘आब्ला’ म्हणजे अगदी ‘बोल’. आपण फोन उचलून ‘बोल रे’ म्हणतो, तेच. ‘काउसा’ म्हणजे दोस्त, आणि याच नावाचा थंड बटाट्याचा एक पदार्थही तिथे मिळतो. डोमिनिकन लोक ‘के लो के’ म्हणतात आणि मेसेजमध्ये त्याची तीन रोमन अक्षरं उरतात. पनामात ‘के शोपा’. ‘पासो’ची अक्षरं उलटी केली की ते होतं. कोस्टा रिकात भेटलं की ‘पुरा विदा’, कसं काय विचारलं की ‘पुरा विदा’, आभार मानायचे तरी ‘पुरा विदा’, निघतानाही तेच. १९५६ साली ‘पुरा विदा’ याच नावाचा एक मेक्सिकन विनोदी चित्रपट आला होता, तिथून ही म्हण रुजली असं सांगतात. आता ती पर्यटनाच्या टी-शर्टांवर इतकी छापली जाते की मला तिचा जरा कंटाळाच येतो. तिथल्या लोकांना येत नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

गोव्याच्या वाचकांसाठी जाता जाता. ‘ब्वेनोस दियास’ हे एका लांब वाक्याचं उरलेलं डोकं मानतात, ‘देव चांगले दिवस देवो’ अशा अर्थाच्या. त्यातला देव स्पॅनिशमध्ये गळाला. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत ‘देव बरो दीस दिवं’ म्हणतात, तिथे वाक्य अजून पुरं आहे.

प्रश्न : माझी सून व्हेनेझुएलाची आहे. व्हिडिओ कॉलवर ती तिच्या आईला ‘हॅलो’ न म्हणता काहीतरी ‘बेंदिसियोन’ म्हणते. आम्हाला भेटली तेव्हा तिने गालाला गाल लावला, यजमान दचकले. कुठे काय पद्धत असते?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : ‘बेंदिसियोन’ म्हणजे ‘आशीर्वाद द्या’. समोरून उत्तर येतं, ‘दियोस ते बेंदिगा’, देव तुझं भलं करो. व्हेनेझुएला, डोमिनिकन रिपब्लिक, पोर्तो रिको इथे आई-वडील, आजी-आजोबा, मामा-मावशी यांच्याशी बोलणं यानेच सुरू होतं आणि यानेच संपतं. चाळिशीतला माणूसही फोनवर आईला आधी ‘बेंदिसियोन, मामा’ म्हणतो आणि मग बँकेचं काम काढतो. पोर्तो रिकोत घाईत नुसतं ‘सियोन’ उरतं. मोठ्यांशी बोलण्यातली ही आदराची रीत आहे आणि तरीही तिच्यात औपचारिकपणा नाही. घरातल्या घरात वाकून नमस्कार करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तुमच्या सुनेने तुम्हालाही एखाद दिवशी ‘बेंदिसियोन’ म्हटलं तर ‘सुखी राहा’ म्हणा, तिला कळेल.

गालांचं म्हणाल तर स्पेनमध्ये दोन, दोन्ही गालांना एकेक, बाई-बाई किंवा बाई-पुरुष. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एकच. अर्जेंटिनात पुरुष-पुरुषही मित्र असले तर एक. मेक्सिकोत पुरुष आधी हात मिळवतात, मग मिठी, मग पाठीवर थाप, मग कधी पुन्हा हात. ओठ टेकवायचे नसतात, गालाला गाल लावून हवेत आवाज काढायचा. सहसा उजवा गाल आधी पुढे करतात. तुमच्या यजमानांना तेवढं सांगून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला नाकावर नाक आपटणार नाही.